धडधड थांबल्यावरचा कार्डिओग्राम

छातीत धडधड होते म्हणून डॉक्टरांकडे जाणाऱ्या माणसाची एक ठरलेली पंचाईत असते. दवाखान्यात पोचेपर्यंत धडधड थांबलेली असते. रात्री अकराला अंथरुणातून ताडकन उठून बसायला लावणारं हृदय सकाळी दहाला कार्डिओग्रामच्या कागदावर शहाण्यासारख्या सारख्या अंतरावरच्या रेघा काढतं. डॉक्टर कागद पाहून ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणतात. घरी परतताना रुग्णाला वाटतं की एक तर आपण उगाच घाबरलो, नाहीतर यांना काही सापडलंच नाही. खरं म्हणजे चोर पळून गेल्यावर केलेला हा पंचनामा असतो. घराची मोडतोड झालेली नाही एवढं त्यातून कळतं. कोण आलं होतं ते कळत नाही.

तो कागद टाकाऊ नसतो. पूर्वी येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका किंवा जन्मापासून हृदयात असलेली विजेची एखादी जादा वाट त्यात धडधड नसतानाही दिसू शकते. पण काल रात्री काय झालं, याचा पत्ता लावायचा तर पहिलं साधन आजही रुग्णाची हकिगतच आहे. त्या हकिगतीत धडधड किती जोरात होती याला फारसं वजन नसतं. ती कशी सुरू झाली, कशी थांबली, ठोके एका लयीत होते की वेडेवाकडे, आणि तिच्या सोबतीला आणखी काय आलं, याला असतं. नेमकं हेच सांगायचं राहून जातं, कारण भीती लक्षात राहते ती जोराची.

१९९६ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या विद्यापीठ रुग्णालयात धडधडीची तक्रार घेऊन आलेल्या १९० रुग्णांचा पाठपुरावा करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ४३ टक्के लोकांच्या धडधडीचं मूळ हृदयात सापडलं, ३१ टक्क्यांचं पॅनिक किंवा चिंतेच्या विकारात, १० टक्क्यांचं थायरॉइड, औषधं अशा इतर गोष्टींत, आणि १६ टक्क्यांचं कारण शेवटपर्यंत कळलं नाही. वर्षभरात दगावलेले होते १.६ टक्के. मोठ्या रुग्णालयात आलेल्या रुग्णांचे हे आकडे आहेत. गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांकडे येणाऱ्यांत हृदयाचं मूळ असणारे याहून कमी निघतील. तरी त्यातून दोन गोष्टी कळतात. धडधड बहुतेकांच्या जिवावर उठत नाही. आणि तरीही ‘काही नाही हो, टेन्शन असेल’ म्हणून तिची बोळवण केली, तर चाळीस-पन्नास टक्के वेळा आपण चुकू शकतो.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तिथून दर मिनिटाला साठ ते शंभर विद्युत संदेश निघतात आणि दिवसभरात साधारण एक लाख ठोके पडतात. यांतला एकही आपल्याला जाणवत नाही, ही खरी नवलाची गोष्ट. जाणवतो तो बिघाड, किंवा बिघाड नसताना वाढलेला वेग. ‘ठोका चुकला’ असं जे आपण म्हणतो, त्यात बहुधा ठोका चुकलेला नसतो, वेळेआधी पडलेला असतो. सायनस नोडला न विचारता हृदयाचा दुसराच एखादा भाग मध्येच एक ठोका देतो. त्या वेळी हृदय पुरतं भरलेलं नसल्याने हा आगाऊ ठोका मऊ पडतो आणि कळतही नाही. मग थोडी उसंत मिळते, तेवढ्यात हृदय नेहमीपेक्षा जास्त भरतं, आणि पुढचा ठोका छातीवर आतून धक्का दिल्यासारखा आदळतो. म्हणजे ज्याने आपण दचकतो तो ठोका अगदी निरोगी असतो. रात्री डाव्या कुशीवर निजलं की हृदय छातीच्या भिंतीला अधिक टेकतं, घरात सामसूम असते, आणि दिवसभर गर्दीत हरवलेले हे धक्के ऐकू यायला लागतात.

निरोगी माणसांना चोवीस तास यंत्र लावून पाहिलं तर बहुतेकांत असे काही आगाऊ ठोके सापडतातच. कोणाला दिवसात पाच पडले तरी तो हवालदिल होतो. कोणाला हजारो पडतात आणि त्याला पत्ता नसतो. दिवसाकाठच्या एकूण ठोक्यांत त्यांचं प्रमाण दहा-पंधरा टक्क्यांवर गेलं, तर मात्र काही जणांत हृदयाचा स्नायू हळूहळू थकतो. म्हणून असे ठोके सापडले की ते किती आहेत आणि हृदयाची रचना कशी आहे, हे दोन प्रश्न विचारायचे असतात. टू-डी एको चांगला आणि ठोके थोडे, तर बहुधा औषधही लागत नाही.

औषध लागत नाही, हे शहाणपण वैद्यकाला फार महागात मिळालं. १९८० च्या दशकात एक निरीक्षण पक्कं झालं होतं: हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्यांपैकी ज्यांच्या हृदयात आगाऊ ठोके जास्त, ते पुढे जास्त दगावतात. मग हे ठोके दाबले तर माणसं वाचतील, असा सरळ हिशोब मांडला गेला. एन्कॅनाइड आणि फ्लेकॅनाइड ही दोन औषधं ते ठोके छान दाबत. कार्डिॲक ॲरिदमिया सप्रेशन ट्रायल, म्हणजेच कास्ट, या चाचणीत अशाच रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं गेलं. १९८९ साली या औषधांची चाचणी मध्येच थांबवावी लागली. औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले होते, नुसती नकली गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. कार्डिओग्राम सुधारला होता आणि माणसं मेली होती. फ्लेकॅनाइड आजही वापरलं जातं, पण ज्यांच्या हृदयाची रचना धडधाकट आहे अशांनाच, तपासून. एखाद्या डॉक्टरांनी आगाऊ ठोके पाहूनही गोळी लिहिली नाही तर त्यांना काही येत नाही असं समजू नका. उलट शेजारच्या काकांना लागू पडलेली ‘धडधडीची गोळी’ मागून खाणं हा खरा धोका आहे. ती गोळी बहुधा बीटा ब्लॉकर असते. या गटातलं प्रोप्रानोलॉल १९६० च्या दशकात जेम्स ब्लॅक यांनी आणलं, त्यांना १९८८ साली नोबेलही मिळालं, आणि औषध चांगलंच आहे. पण दम्याच्या रुग्णाने ते घेतलं तर श्वासनलिका आवळून जिवावर बेतू शकतं.

आता वेगाची धडधड. इथे सुरुवात आणि शेवट यांना फार मोल आहे. घाबरल्यावर, ताप चढल्यावर, जिने चढल्यावर वेग हळूहळू वाढतो आणि हळूहळू उतरतो. तो सायनस नोडचाच वेग असतो. कारण दुसरीकडे कुठेतरी असतं. याउलट एक प्रकार असा की बसल्या जागी खटका दाबल्यासारखे ठोके एकदम दीडशे-दोनशेवर जातात, घड्याळासारखे नियमित पडतात आणि तसेच एकदम थांबतात. हा एसव्हीटी. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये विजेला फिरायला एक गोल वाट सापडते आणि ती त्यातच घुमत राहते. त्यातल्या सर्वांत नेहमीच्या जातीत धडधड गळ्यात जाणवते, आणि झटका ओसरल्यावर कित्येकांना भरपूर लघवी होते. हे दोन तपशील रुग्ण सहसा आपणहून सांगत नाहीत. डॉक्टरांनी विचारले तर निदान अर्धं तिथेच होतं.

हा प्रकार तरुण वयातही होतो आणि त्याची नेहमीची जात बायकांत अधिक दिसते. इथे एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी. १९९७ साली अमेरिकेत एसव्हीटीच्या १०७ रुग्णांचे जुने कागद तपासले गेले. निम्म्याहून अधिकांचं निदान पहिल्या तपासणीत हुकलं होतं, मध्ये वर्षं गेली होती, आणि तोवर पुष्कळांच्या धडधडीवर पॅनिक, चिंता, ताण असा शिक्का बसला होता. हा शिक्का पुरुषांपेक्षा बायकांवर अधिक बसला होता. आपल्याकडे असा हिशोब कोणी मांडला तर चित्र याहून बरं निघेल, असं मला वाटत नाही. ‘घरात काही ताण आहे का’ हा प्रश्न नवऱ्यासमोर विचारला जातो, बाई गप्प राहते, आणि झोपेची गोळी लिहून प्रकरण मिटतं.

एसव्हीटी सिद्ध झालेल्या माणसाला झटका मोडण्याची एक युक्ती डॉक्टर शिकवतात. दहा मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या हलेल इतक्या जोराने पंधरा सेकंद तोंडाने फुंकायचं, लगेच आडवं व्हायचं आणि दुसऱ्याने पाय उचलून पंधरा सेकंद धरायचे. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या रिव्हर्ट चाचणीत या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांचे झटके मोडले, नुसतं बसून फुंकणाऱ्यांचे १७ टक्के. पैसा नाही, औषध नाही, फक्त पाय उचलायचे. मानेवरची नस दाबण्याचा प्रयोग मात्र घरी करू नये. वयस्कर माणसांत त्याने मेंदूकडे गुठळी जाऊ शकते. कायमचा इलाज म्हणजे ॲब्लेशन: जांघेतल्या शिरेतून वायर नेऊन ती जादा वाट उष्णतेने बंद करायची. या प्रकारात शंभरातले नव्वद-पंच्याण्णव रुग्ण त्याने मोकळे होतात. मुंबई, पुणे, नागपूर इथे ते होतं. विजेच्या मुख्य वाटेलाच इजा होऊन पेसमेकर बसवावा लागण्याची शक्यता अगदी थोडी असते, पण ती विचारून घ्यावी.

नियमित वेगाचा झटका पकडणं त्या मानाने सोपं. अनियमित ठोक्यांचं प्रकरण जास्त खोल आहे. १९१२ साली कारेल वेंकेबाख या डच हृदयतज्ज्ञाकडे एक डच व्यापारी आला. त्याचे ठोके अधूनमधून वेडेवाकडे पडायचे. हे थांबवता येत नाही, असं वेंकेबाखनी सांगितल्यावर तो म्हणाला की आपल्याला येतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नियमित नाडी घेऊन हजर झाला. त्याने रात्री एक ग्रॅम क्विनाइन घेतलं होतं. म्हणजे हिवतापाच्या मुलखात लोक कशावरही घेत तेच कोयनेल. वेंकेबाखनी ते खोटं ठरवलं नाही, लिहून ठेवलं. त्या वाटेने १९१८ पर्यंत क्विनिडिन हे औषध हाती आलं आणि पुढची कित्येक दशकं ते वापरात राहिलं. आज त्याची जागा अधिक सुरक्षित उपायांनी घेतली आहे, तेव्हा या गोष्टीवरून कोणी कोयनेल शोधायला जाऊ नये. पण डॉक्टर ऐकणारा भेटला की रुग्ण काय देऊन जातो, हे त्या व्यापाऱ्याने दाखवलं.

त्या व्यापाऱ्याचा आजार एट्रियल फिब्रिलेशन. यात वरचे कप्पे आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतात आणि खालच्या कप्प्यांना संदेश कसेही पोचतात. नाडीवर बोट ठेवलं तर दोन ठोक्यांतलं अंतर सारखं बदलतं, त्यात कसलाच ताल सापडत नाही. धडधड हा यातला कमी त्रासाचा भाग. वरच्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या दीर्घ अभ्यासात हा धोका सुमारे पाचपट निघाला. आणि पुष्कळांना यात धडधड होतच नाही; नुसता थकवा येतो, किंवा काहीच होत नाही, आणि पहिली बातमी पक्षाघातानेच मिळते. ज्याची धडधड मोठी त्याला धोका मोठा, हा हिशोब इथे पार उलटा पडतो. म्हणून पासष्टीनंतर रक्तदाब बघायला गेल्यावर नाडीही बोटांनी बघून घ्यावी. यंत्र आकडा सांगतं, लय बोटांना कळते.

पाश्चात्त्य देशांत हा म्हाताऱ्यांचा आजार. आपल्याकडे तिशी-चाळिशीतल्या बायकांतही तो दिसतो, कारण लहानपणच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झालेली असते. बऱ्याच जणींना ते कळतं गरोदरपणात. पोटात बाळ असताना शरीरातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, ठोके मिनिटाला दहा-वीसने वाढतात, आणि तोवर कसंबसं निभावणारी झडप हात टेकते. गरोदर बाईला थोडी धडधड होणं साहजिक आहे. धडधडीबरोबर आडवं झाल्यावर धाप लागत असेल तर ते साहजिक नाही, त्याच दिवशी दाखवावं.

या झडपवाल्या रुग्णांसाठी गुठळी होऊ न देणारी नवी, महाग, रक्ततपासणी न लागणारी औषधं वॉरफरिनच्या गटाइतकीच चांगली ठरतील अशी अपेक्षा होती. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीत ती खोटी ठरली. भारतासह चोवीस देशांतल्या साडेचार हजारांवर रुग्णांत जुन्या औषधावरचे रुग्ण कमी दगावले. झडप अरुंद असलेल्या रुग्णाने दर महिन्याच्या पीटी-आयएनआर तपासणीला कंटाळून परस्पर गोळी बदलू नये, ते यासाठी. झडप धड असलेल्यांना नवी औषधं चालतात, आणि बहुतेकांना तीच दिली जातात. ॲस्पिरिन मात्र दोघांच्याही बाबतीत या कामाला पुरं पडत नाही.

हृदयाबाहेरच्या कारणांत आपल्या घरांत सगळ्यात मोठं कारण रक्त कमी असणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही तो निम्म्याहून अधिक जणींत होता. हिमोग्लोबिन सातवर आलं की प्रत्येक फेरीत कमी ऑक्सिजन पोचतो, म्हणून हृदय फेऱ्या वाढवतं. कळशी उचलली, जिना चढला की धडधड. यावर गावोगाव ‘अशक्तपणा’ म्हणून सलाईन लावलं जातं. सलाईनमध्ये लोह नसतं. मीठपाणी आणि थोडी साखर घालून रक्त वाढत नाही. वाढतं ते बिल. लोहाच्या गोळ्या कित्येक महिने घ्याव्या लागतात आणि पाळीत रक्त जास्त का जातं तेही बघावं लागतं.

दुसरं कारण थायरॉइड. ग्रंथी जास्त काम करत असेल तर धडधड, हात कापणं, भूक असूनही वजन उतरणं. म्हाताऱ्या माणसात कधी यातलं काही नसतं, फक्त ठोके अनियमित होतात. ग्रंथी कमी चालते म्हणून गोळी घेणाऱ्यांचा डोसही कधी जास्त होतो. वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी दाखवून औषध आणणाऱ्यांनी टीएसएच करून घ्यावी. मग दम्याचा पंप, सर्दीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या, एनर्जी ड्रिंक, वजन घटवणारी निनावी पावडर. काही औषधं हृदयाचा विजेचा एक टप्पा लांबवतात. एरवी चालून जातं, पण अशी दोन एकत्र आली, किंवा जुलाबांनी पोटॅशियम खाली गेलं, की घातक लय सुरू होऊ शकते. अझिथ्रोमायसिन, मळमळीवरचं डॉमपेरिडोन ही त्यांतली रोजच्या ओळखीची नावं. झाडपाल्यातला बचनाग नीट शुद्ध केलेला नसेल तर थेट हृदयाची लय बिघडवतो. पिवळ्या कण्हेरीची बी तर विषच.

सुपारी लागणं मराठी माणसाला सांगायला नको. घाम, छातीत आवळल्यासारखं, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. थोड्या वेळात उतरतं. पन्नाशीच्या मधुमेही गृहस्थाने मात्र ‘सुपारी लागली’ म्हणून पाणी पिऊन पडून राहू नये, कारण हृदयविकाराचा झटकाही हुबेहूब असाच येतो. कोकणातल्या लाल विंचवाचा दंश हा आणखी वेगळा प्रकार. घाम, थंडगार हातपाय, छातीत धडधड, आणि काही तासांत फुप्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण दवाखान्यात रात्री जागून हा क्रम टिपला, रक्तदाबावरचं प्राझोसिन त्यावर वापरलं, आणि ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकांतून जगापुढे मांडलं. त्यानंतर विंचूदंशाने मरणारी माणसं झपाट्याने कमी झाली. ती गोळी वेळेत मिळायची तर विंचू चावल्यावर मांत्रिकाकडे वेळ घालवता येत नाही.

चहा-कॉफीवर उगाच फार आळ येतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत शंभर माणसांना अंगावर यंत्र लावून काही दिवस कॉफी प्यायला आणि काही दिवस टाळायला सांगितलं. वरच्या कप्प्यातले आगाऊ ठोके फारसे बदलले नाहीत. खालच्या कप्प्यातले दिवसाला १०२ वरून १५४ झाले, माणसं जवळपास हजार पावलं जास्त चालली आणि अर्ध्या तासाहून थोडं अधिक कमी झोपली. चहाने आपल्याला त्रास होतो का, हे ज्याने त्याने आठवडाभर सोडून पाहावं. सगळ्यांसाठी एक नियम नाही. दारूचं तसं नाही. १९७८ सालीच न्यू जर्सीतल्या डॉक्टरांनी सुट्टीच्या दिवसांत ढोसून येणाऱ्यांच्या हृदयाची लय बिघडते हे नोंदवलं होतं.

मनाचं काय? अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांना लढाई चालू नसतानाही होणाऱ्या धडधडीवर जेकब दा कोस्टा यांनी १८७१ साली दीर्घ निबंध लिहिला. हृदयात त्यांना मोडतोड सापडली नाही. पण सैनिक खोटं बोलत नव्हते. पॅनिकच्या झटक्यात अॅड्रेनालिन खरंच सुटतं, ठोके खरेच वाढतात. दहा मिनिटांत भीती टोकाला जाते, हातापायांना मुंग्या येतात, आता मरणारच असं वाटतं. हा आजार आहे आणि तो औषधांनी व समुपदेशनाने बरा होतो. फक्त हे निदान शेवटी यावं, हकिगत ऐकून आणि किमान एक कार्डिओग्राम व रक्ततपासण्या करून. पहिल्या मिनिटाला आलेलं ‘टेन्शन’ हे निदान नव्हे.

आता कधी धावायचं ते. धडधडीबरोबर शुद्ध हरपली, किंवा हरपता हरपता राहिली, तर वाट बघायची नाही. छातीत दुखणं वा दडपण, धाप, दरदरून घाम, बोलताना जीभ अडखळणं किंवा एक हात लुळा पडणं यांतलं काहीही सोबत असेल तर १०८ ला फोन करायचा. ओवा, इनो, गॅसची गोळी हे प्रयोग करत बसायचं नाही, आणि स्वतः गाडी चालवत जायचं नाही. पूर्वी हृदयविकाराचा झटका आलेल्याला, झडपेचा आजार किंवा कमजोर हृदय असलेल्याला नवी धडधड सुरू झाली, तर सोबत काही नसलं तरी त्याच दिवशी जावं. बसल्या जागी ठोके एकशेवीसच्या वर जाऊन पंधरा-वीस मिनिटांत उतरत नसतील तरीही. आणि धावताना, खेळताना, पोहताना ऐन जोरात धडधड होऊन चक्कर आली तर पोराला ‘ऊन लागलं असेल’ म्हणून सोडू नये. व्यायाम थांबल्यावर येणाऱ्या चक्करपेक्षा व्यायाम चालू असतानाची चक्कर कितीतरी जास्त काळजीची.

घराण्यात कोणी चाळिशीच्या आत झोपेत, पाण्यात किंवा अचानक गेलं असेल तर ते डॉक्टरांना न विचारताही सांगावं. काही औषधांनी लांबतो तोच हृदयाचा विजेचा टप्पा जन्मतःच लांबलेला असण्याचा एक आजार आहे. त्याच्या एका प्रकारात पोहताना, दुसऱ्यात गजराच्या आवाजाने दचकून माणूस कोसळतो. घरात ‘फिट आली होती’ किंवा ‘बुडाला’ अशा नोंदी असतात, त्यांतल्या काही हृदयाच्या असू शकतात. अशा घरातल्या भावंडांचा साधा कार्डिओग्राम काढून ठेवणं फार खर्चाचं नाही.

यांतलं काही नसेल, सेकंदभराचे तुरळक धक्के असतील, तर चार-आठ दिवसांत सवडीने दाखवलं तरी चालतं. जाताना थोडी तयारी करावी. धडधड चालू असताना मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन बोटं ठेवून तीस सेकंद ठोके मोजावेत आणि दुप्पट करावेत. वेडेवाकडे वाटले तर पूर्ण मिनिट मोजावेत. नंतर त्याच लयीत टेबलावर बोटाने वाजवून डॉक्टरांना दाखवावं. हास्यास्पद वाटेल, पण अनुभवी डॉक्टर हेच करायला सांगतात. करोनाकाळात घरोघर आलेला ऑक्सिमीटर ठोकेही दाखवतो. लय अनियमित असेल तर मऊ ठोके त्याच्यातून निसटतात आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो, हे ध्यानात ठेवावं.

लेडनच्या विलेम आइनथोव्हेन यांचं पहिलं ईसीजी यंत्र सुमारे पावणेतीनशे किलोचं होतं, चालवायला पाच माणसं लागत. त्यांना १९२४ साली नोबेल मिळालं. १९०५ सालीच त्यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातल्या रुग्णांचे ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून आपल्या प्रयोगशाळेत मागवले होते. अमेरिकेतल्या मोंटानाच्या नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकात चालता-फिरता ईसीजी काढायचं यंत्र बनवलं. पहिलं पाठीवर बांधायचं ओझं अडतीस किलोच्या घरात होतं. आज होल्टर खिशात मावतो. पण महिन्यातून एकदा धडधड होणाऱ्याला चोवीस तासांचा होल्टर लावणं म्हणजे पैसे घालवणं. त्याला आठवडे-महिने चालणारं यंत्र हवं, आणि धडधडीने शुद्ध हरपत असेल तर कातडीखाली बसवायचा लहानसा लूप रेकॉर्डर. म्हणून चाचणी लिहून मिळण्याआधी ‘किती दिवसांनी होतं’ हे डॉक्टरांना नेमकं सांगा. रक्तात हिमोग्लोबिन, टीएसएच, पोटॅशियम बघितलं की सुरुवातीला पुरे. ‘फुल बॉडी’च्या ऐंशी तपासण्यांचं पॅकेज धडधडीबद्दल याहून फारसं जास्त सांगत नाही.

मनगटावरची घड्याळं आता याच खेळात आली आहेत. ॲपलच्या घड्याळावर अमेरिकेत ४,१९,२९७ लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. अनियमित नाडीचा इशारा ०.५२ टक्के लोकांना मिळाला. त्यांतल्या ज्यांनी नंतर छातीवर पट्टी लावून घेतली, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन पक्कं झालं. उरलेल्यांत ते नव्हतं असं नाही; येऊन-जाऊन असणारा आजार त्या आठवड्यात आला नसेल. पंचविशीतल्या निरोगी पोराने तासातासाला घड्याळ बघून धडधड वाढवून घेऊ नये. साठीच्या, रक्तदाब असलेल्या माणसाने धडधड चालू असताना घड्याळावर तीस सेकंदांचा ईसीजी काढला तर तो कामाचा.

घड्याळ नसेल तर जवळच्या कुठल्याही दवाखान्यात किंवा सरकारी रुग्णालयात धडधड चालू असतानाच जाऊन ‘आत्ताच्या आत्ता कार्डिओग्राम काढा, फी नंतर बघू’ म्हणावं. तज्ज्ञ कोण आहे हे त्या क्षणी गौण. यंत्र आहे ना, एवढं बघावं. आणि कागदाची प्रत मागून घ्यावी, कारण झटका चालू असतानाची ती एक पट्टी नंतरच्या दहा नॉर्मल कागदांपेक्षा मोलाची असते. पुष्कळ ठिकाणी हा कागद थर्मल असतो. काही वर्षांत त्यावरच्या रेघा पुसट होतात, आणि जपून ठेवायला म्हणून लॅमिनेशन केलं तर उष्णतेने अख्खा कागद काळा पडतो. घरी आल्या आल्या मोबाइलवर त्याचा स्वच्छ फोटो काढून, तारीख आणि वेळ लिहून ठेवावी.